क्लच कुणी जाळला?

दसऱ्याला बदललेली क्लच प्लेट संक्रांतीच्या आत जळून गेली, आणि घरात गाडी चालवणारं माणूस म्हणाल तर एकटी शिवलीला. बेंगळूरच्या टोकाला बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात पहिली शिफ्ट करून ती कंपनीच्या बसनं घरी यायची, हातपाय धुवायची आणि मंगळवारी-गुरुवारी सासूबाईंना गाडीत घालून व्यायामाच्या दवाखान्यात न्यायची. एवढंच त्या गाडीचं काम. नवरा गिरीराज रोज संध्याकाळी ऑफिसच्या कॅबनं व्हाइटफील्डला जाणार आणि पहाटे परत येणार. सासऱ्यांनी, नरसिंहरावांनी, डोळ्यांमुळे स्टिअरिंग कधीच सोडलेलं. मग प्लेट जळली कशी? गॅरेजवाला तर फोनवर हसत सुटला होता. म्हणाला, "यारो कलीतिदारे, मॅडम. कुणीतरी शिकतंय तुमच्या गाडीवर."

ही बातमी विद्याच्या कानावर जायला नको होती, पण गेली. विद्या म्हणजे गिरीराजची थोरली बहीण, सगळ्यांची अक्का. सरकारी कंपनीच्या ऑडिटमध्ये तिची सगळी नोकरी झाली. लोकांना पुरणपोळीत पुरण दिसतं, विद्याला पुरण कुठे कमी भरलंय ते दिसतं. तिनं रविवारी येते म्हणून कळवलं, आणि येता येता थेट गॅरेजमध्ये जाऊन गाडी तपासूनही आली.

"हे काय आहे?" आल्या आल्या तिनं पिशवीतून एक वस्तू काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली.

सोलापुरी चादरीची चौकोनी घडी. नाडीनं चारी बाजूंनी घट्ट बांधून तिची गादी केलेली.

नरसिंहरावांनी पेपर खाली न करताच सांगितलं, "चादर."

"चादर दिसतेय मला, अण्णा. मागच्या सीटखाली काय करत होती? ही बुडाखाली घेऊन बसायची गादी आहे. ज्याचं डोकं स्टिअरिंगच्या वर जात नाही, त्याला लागते अशी. आपली लीला एवढी उंच की तिचं डोकं टपाला लागतं. मग या गादीवर कोण बसतं?"

गिरीराज सोफ्यावर अर्धवट झोपेत होता, तो पूर्ण जागा झाला. शिवलीला ताटं मांडत होती, तिनं एक ताट उगाच पुसलं. आत ओट्यापाशी भाकरी थापायचा आवाज येत होता तो थांबला, आणि जरा वेळानं परत सुरू झाला.

"सांगा, सांगा. मला नुसती उत्सुकता आहे," विद्या म्हणाली. ऑडिटवाल्यांची उत्सुकता ती. त्या उत्सुकतेपायी माणसं रजेवर गेलेली आहेत.

पण खरं सांगायचं तर विद्या घाबरलेली होती. गुरुवारी गाडी अगराच्या सिग्नलला बंद पडली तेव्हा आत तिची आई होती. दोन वर्षांमागे चंपाबाईंचं उजवं अंग गेलं, वाचाही अडखळली. मागून शंभर गाड्यांचे हॉर्न, पुढे सिग्नल हिरवा होऊन लाल होऊन परत हिरवा, आणि शिवलीला एकटी गाडी ढकलतेय. आत चंपाबाई रडत होत्या. शेवटी एका रिक्षावाल्यानं हात लावला तेव्हा गाडी कडेला आली. घरी परत आणायला टॅक्सी मागवली, तर डिकीत गॅसची टाकी. चाकाची खुर्ची मावेना. दुसरी मागवली, तीही तसलीच. तिसरीच्या टपावर खुर्ची बांधून आणली.

आणि हे झालं कधी? नेमकं लीलाच्या डोक्यावर तलवार टांगलेली असताना. कारखान्यानं तिला लाइन इन्चार्ज करायचं ठरवलं होतं. त्या लाइनवर आजवर एकही बाई इन्चार्ज झालेली नव्हती. पण इन्चार्ज म्हणजे तिन्ही शिफ्ट आलटून पालटून. दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात ती दुपारी घरात नसणार, तिसरीच्या आठवड्यात दिवसा झोपणार. मग चंपाबाईंना दवाखान्यात कोण नेणार? सोमवारी सकाळी लीलानं उत्तर द्यायचं होतं, आणि आज रविवार.

"आधी गाडीचं मिटवू," विद्या पानावर बसत म्हणाली, "मग लीलाचं बोलू. मला वाटतं लीलानं..."

"आधी जेव तरी," नरसिंहराव म्हणाले.

भरली वांगी होती, शेंगा चटणी होती, गरम भाकरी येत होत्या. चंपाबाईंची खुर्ची टेबलाच्या टोकाला लावली होती आणि शिवलीला एकेक घास कुस्करून त्यांच्या डाव्या हाताशी ठेवत होती.

"वॉचमनला किल्ली देता का कुणी?" विद्यानं विचारलं.

"छे."

"शेजाऱ्यांना?"

"छे गं."

"मग घरातलंच कुणीतरी गाडी चालवतंय."

आता गिरीराजचं ऐका. तो भाकरीचे तुकडे नुसतेच मोडत होता. कारण क्लच कुणी जाळला ते त्याला चांगलं ठाऊक होतं. महानंदाआत्यानं. अण्णांची धाकटी बहीण, वय वर्षं चौसष्ट, निपाणीहून वहिनीच्या आजारपणाला म्हणून दोन महिन्यांसाठी आली आणि राहूनच गेली. तिनं एक दिवस त्याला चहा देता देता विचारलं होतं, "गिरी, मला गाडी शिकवशील का रे? वहिनींना न्यायला-आणायला कुणीतरी पाहिजे. पण कुणाला सांगू नकोस बाबा, हसतील." त्याला आत्याचं केवढं कौतुक वाटलं! बेसमेंटमध्ये नेऊन त्यानं तिला शिकवलं, तिचं लर्निंग लायसन्सही काढून दिलं. आत्याला सीटवर उंची पुरेना म्हणून चादरीची गादीसुद्धा त्यानंच बांधली. आता तिचं नाव पुढे आलं तर अक्का तिला सोडणार नाही. निपाणीला परत पाठवायची भाषा अक्कानं दिवाळीतही केली होती. म्हणायची, आत्यालाच आता कुणीतरी बघायला हवं, ती काय दुसऱ्याला बघणार.

"मी चालवली," गिरीराज म्हणाला. "अधूनमधून. बॅटरी उतरू नये म्हणून. माझा पाय क्लचवरच असतो, वाईट सवय."

"आणि ही गादी?"

"कंबर दुखते माझी."

"उगाच त्याच्यावर काय जातेस," नरसिंहराव एकदम म्हणाले. त्यांनी घास खाली ठेवला. "मी नेत होतो गाडी. खाली, बेसमेंटमध्ये. हातपाय मोकळे करायला."

"अण्णा! तुम्हाला समोरचा खांब दिसत नाही!"

"खांबाला कुठे धक्का लागलाय?"

"नाही हो अक्का," शिवलीला हळूच म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "दोघंही मला वाचवायला बोलतायत. क्लच मीच जाळला. शिफ्टवरून आले की जीव नसतो अंगात, पाय तसाच राहतो क्लचवर."

विद्यानं तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. तिच्या सगळ्या नोकरीत एका चुकीला तीन कबुलीजबाब कधी मिळाले नव्हते. तिथे एक मिळवताना नाकी नऊ यायचे. आणि गंमत अशी की तिघंही एकमेकांकडे तिच्याइतक्याच आश्चर्यानं बघत होते. अण्णा कशाला खोटं बोलतायत, हे गिरीराजला कळेना. गिरी कशाला अंगावर घेतोय, हे लीलाला कळेना.

चंपाबाईंना मात्र सगळं कळत होतं. त्या दिवसभर बाल्कनीत बसायच्या. खालचा बेसमेंटचा उतार आणि मागचा लेआउटचा मोकळा रस्ता तिथून सरळ दिसायचा. आपली गाडी उड्या मारत जाताना त्यांनी कितीदा पाहिली होती. सकाळी वन्संच्या शेजारी पांढरं डोकं, दुपारी काळं, संध्याकाळी वेणी. त्यांना हसू यायचं. कुणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, पण त्यांना विचारायची पद्धत घरातून गेली होती. त्या बोलायला लागल्या की शब्द यायला वेळ लागे, आणि मायेची माणसं तेवढ्यात पाणी तरी द्यायची, नाहीतर उशी तरी सारखी करायची. आत्ताही त्यांनी "ती..." म्हणून सुरुवात केली तर शिवलीलानं पेला पुढे केला. त्यांनी मुकाट्यानं पाणी प्यायलं.

आत ओट्यापाशी महानंदा तव्यावरची भाकरी विसरून उभी होती. तिन्ही कबुल्या तिनं ऐकल्या. पहिल्या कबुलीला तिचा जीव भांड्यात पडला, दुसरीला लाज वाटली आणि तिसरीला डोळ्यांत पाणी आलं. या पोरीला उद्या साहेबाला तोंड दाखवायचंय, आणि आज ती माझ्यापायी स्वतःच्या माथी खोटं घेतेय! भाकरी करपली. महानंदानं गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

"पुरे झालं की रे आता," ती म्हणाली. "मी जाळला क्लच. मी शिकत होते. तिघांकडून."

"तिघांकडून?" चौघांनी एकदम विचारलं.

"आधी लीलाला विचारलं. ती संध्याकाळी शिकवायची, पण बिचारी दमलेली असायची हो. तिच्याच्यानं किती होणार? म्हणून मग दादाला विचारलं. दादानं शिकवलेलं लीलाच्या उलटं. मग खरं कुणाचं ते बघावं म्हणून गिरीला विचारलं. तर त्यानं तिसरंच सांगितलं!"

"नंदा, तू मला म्हणालीस की मी एकटाच..."

"तुला एकट्यालाच सांगितलंय म्हणून प्रत्येकाला सांगितलं दादा. जमलं नसतं तर? चौसष्टाव्या वर्षी बाई गाडी शिकते म्हटल्यावर जग हसतं. एकेकाला सांगितलं की एकेकटा हसतो, तेवढं चालतं."

विद्याच्या तोंडून फक्त एवढंच आलं, "उलटं म्हणजे कसं?"

आणि मग जे सुरू झालं ते बघायला पाहिजे होतं. नरसिंहरावांनी वाटी सरकवून क्लच केला, पेल्याचा गिअर केला आणि सांगायला लागले की क्लच दोनदा दाबायचा. एकदा गिअर काढताना, एकदा टाकताना. कारखान्याची जीप ते अशीच चालवायचे. "जीप कुठल्या काळातली अण्णा?" म्हणत गिरीराजनं वाटी आपल्याकडे ओढली. त्याचं म्हणणं, बेसमेंटच्या उतारावर अर्धा क्लच धरून गाडी तोलून ठेवायची, म्हणजे मागे येत नाही. "म्हणूनच जळाला!" शिवलीला ओरडली. "गिअर पडला की पाय काढायचा, क्लचवर पाय ठेवायचाच नाही! आत्या, मी किती वेळा सांगितलं तुम्हाला?"

"मी तिघांचंही ऐकायची," महानंदा म्हणाली. "आधी दोनदा दाबायची. मग अर्धा धरायची. आणि लीलाची आठवण झाली की सोडून द्यायची."

"मग काय व्हायचं?"

"मग गाडी उडी मारायची की."

"एक ना धड, भाराभर चिंध्या," नरसिंहराव म्हणाले आणि स्वतःच हसायला लागले. विद्याही हसली. तिला हसायचं नव्हतं, पण आत्यानं पिठाच्या हातानं दाखवलेली गाडीची उडी बघून तिला राहवेना. चंपाबाई तर हसून हसून खोकायला लागल्या. त्यांच्या हसण्यात अर्धाच चेहरा हलायचा, पण डोळे दोन्ही हसायचे.

"या घरात एवढं गुपित राहिलंच कसं म्हणते मी," विद्या डोळे पुसत म्हणाली. "इथे तर चार्ज दिल्याशिवाय कुणी दारातून पाय बाहेर टाकत नाही."

हे मात्र खरं. नरसिंहराव सरकारी यंत्र-कारखान्यात जन्मभर शिफ्टमध्ये राबले. पुढचा माणूस येऊन चार्ज घेत नाही तोवर मशीन सोडायचं नाही, हा त्यांचा नेम. तो घरातही आला आणि चंपाबाई आजारी पडल्यापासून तर पक्का झाला. जाणाऱ्यानं येणाऱ्याला सगळं तोंडी सांगायचं. काय खाल्लं, पोट साफ झालं का, चिडचिड झाली का, गोळी थुंकली का. दारात चप्पल घालता घालता सगळं सांगून व्हायचं. गाडीचं तेवढं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण आत्याला शब्द दिला होता.

"पण गाडी मोकळी कधी असायची गं?" विद्यानं विचारलं. आता खरोखर नुसती उत्सुकता होती. "तिघं तीन वेळी?"

"सकाळी दादा," महानंदानं बोटांवर मोजलं. "शेजारच्या अम्मा वहिनींपाशी येऊन बसायच्या तेव्हा. संध्याकाळी लीला, स्वयंपाकाच्या आधी. आणि गिरी सोमवारी, बुधवारी, लीला शिफ्टवरून येऊन जरा आडवी व्हायची तेव्हा. दुपारी साडेतीनला."

"म्हणजे गाडीसुद्धा तीन शिफ्टमध्ये चालत होती!" नरसिंहराव म्हणाले, आणि परत हशा झाला.

शिवलीला हसली नाही.

तिच्या हातात चंपाबाईंसाठी कुस्करलेला घास होता. तो तिनं ताटात ठेवला.

"साडेतीनला?" तिनं विचारलं.

"हो की," महानंदा म्हणाली. अजून तिच्या ध्यानात काही आलं नव्हतं. "कसा वेळेवर उठायचा माहितीय? मी हाकसुद्धा मारायची नाही."

"मंगळवारी आणि गुरुवारी मी साडेतीनला आईंना घेऊन निघते," शिवलीला गिरीराजकडे बघत म्हणाली. "त्यांना खुर्चीतून गाडीत ठेवताना माझी कंबर मोडते. तुमच्या खोलीचं दार बंद असतं. पाचपर्यंत झोप झाली नाही तर तुम्हाला रात्रभर जमत नाही, म्हणून मी दाराचा आवाजही करत नाही. चप्पल हातात घेऊन जाते मी."

"लीला, ते अगं... ते वेगळं," गिरीराज म्हणाला. "अर्धाच तास तर असायचा. नंतर मी परत पडायचो."

"काय वेगळं?"

वेगळं काहीच नव्हतं. आत्यानं विचारलं तेव्हा त्याला मजा वाटली, म्हणून तो उठला. दवाखाना हे लीलाचं खातं, तिथे आपलं काही काम आहे असं त्याच्या मनातच आलं नाही. तो काही वाईट मुलगा नव्हता. आईची नखं तो कापायचा, तिच्या डोक्याला तेल लावायचा, कॅब येईपर्यंत तिच्यापाशी बसायचा. वहिनींना न्यायला कुणीतरी पाहिजे, असं आत्या म्हणाली तेव्हा त्याला ते अगदी पटलं होतं. कुणीतरी पाहिजेच! आणि स्वतःच्या खिशात कॉलेजपासूनचं लायसन्स.

"तू कधी म्हणालीच नाहीस," तो म्हणाला.

"नाही म्हणाले," शिवलीला म्हणाली. "तेच सांगतेय. आत्या माझ्याकडे आल्या तेव्हा मला किती बरं वाटलं, की चला, सुटले. तुम्हाला एक तास लवकर उठा म्हणण्यापेक्षा चौसष्ट वर्षांच्या बाईला गाडी शिकवणं मला सोपं वाटलं. कळतंय का तुम्हाला मी काय म्हणतेय? बेंगळूरच्या ट्रॅफिकमध्ये आत्यांना एकटीला, आईंना घेऊन पाठवायला मी तयार झाले होते. पण तुम्हाला विचारायला नाही. मला राग आलाय. तुमचा आलाय आणि माझाही आलाय."

महानंदा हातांवरचं वाळलेलं पीठ खरवडत उभी राहिली.

"साहेबांना विचारून शिफ्ट बदलून बघू का मी?" गिरीराज म्हणाला. "देतील असं वाटत नाही, पण..."

"शिफ्ट बदलायला कोण म्हणतंय? आठवड्यात दोनच दिवस."

"काखेत कळसा नि गावाला वळसा," नरसिंहराव पुटपुटले.

"दादा, तू गप," महानंदा म्हणाली. "तू बाप ना त्याचा? तूही त्याला ऊठ म्हणाला नाहीस. मला शिकवत बसलास."

नरसिंहराव गप्प झाले. जन्मात पहिल्यांदा धाकट्या बहिणीचं ऐकून गप्प झाले असतील.

विद्यानं ती गादी उचलून मांडीवर घेतली होती. तिच्या नाडीची गाठ ती उगाच सोडत होती, बांधत होती. आपण इथे काय बोलायला आलो होतो ते तिला आठवत होतं. आत्याला निपाणीला पोचवू, गाडी विकून टाकू आणि लीलानं इन्चार्जपद नको म्हणून कळवावं. सगळं पाठ करून आली होती. मेट्रोत बसल्या बसल्या तिनं वाक्यंसुद्धा जुळवली होती, कुणाला दुखवायला नको म्हणून.

"मी आज तुला नाही म्हणायला सांगणार होते लीला," ती म्हणाली. "नोकरीला. सगळ्या बाजूंनी विचार केला मी. आत्याचा केला, अण्णांचा केला, टॅक्सीचासुद्धा केला. पण गिरीचं नाव मला सुचलंच नाही. माझा सख्खा भाऊ, आणि सुचलं नाही. लाज वाटते मला."

शिवलीलानं तिच्याकडे पाहिलं. आपल्या बाजूनं बोलणारी नणंद तिला नवीन होती. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि फोन घेतला.

"आज रविवार आहे," गिरीराज म्हणाला.

"कारखान्याला रविवार नसतो."

ती तिथेच, सगळ्यांच्या मध्ये उभी राहून बोलली. "सर, नानु शिवलीला. हौदु सर. नाळेतनका बेडा, ईगले हेळ्तीनि. नानु तगोतीनि." उद्यापर्यंत नको, आत्ताच सांगते, मी घेते. पलीकडून साहेब काहीतरी लांबलचक बोलले. तिसऱ्या शिफ्टचं विचारत असावेत. "आगत्ते सर," ती म्हणाली. जमेल. घरात कुणाला विचारून सांगते, असं ती म्हणाली नाही, हे तिथल्या प्रत्येकाच्या लक्षात आलं. तिनं फोन ठेवला. महानंदानं पिठाच्या हातांनीच तिची अलाबला घेतली आणि तिच्या कानांवर, केसांवर पीठ लागलं.

"मी शिकायचं काही सोडणार नाही हं," महानंदा म्हणाली. "आता तोंड वर करून शिकणार. पण मास्तर एकच पाहिजे बाई."

"लीला," विद्या म्हणाली.

"लीला," नरसिंहरावही म्हणाले. त्यांना ते जड गेलं असणार.

गिरीराज इतका वेळ ताटातल्या वाळलेल्या भाकरीकडे बघत बसला होता. आता तो उठून आईच्या खुर्चीजवळ आला. काहीतरी बोलायला हवं होतं, माफीचं म्हणा, काही म्हणा. पण तो शिवलीलाकडे वळून कामाचंच बोलला.

"गॅरेजवाला बुधवारी गाडी देतो म्हणालाय. मंगळवारी मी मोठी टॅक्सी सांगतो, खुर्ची मावेल अशी. मीच जातो. साडेतीनला निघायचं ना?"

"हो."

"दवाखाना तो चौकातलाच ना, निळ्या पाटीचा?"

"हो."

"आत गेल्यावर कुठे जायचं असतं? कितवा मजला?"

बोलून झालं आणि मग त्याला स्वतःलाच ते ऐकू आलं. दोन वर्षं. मंगळवार, गुरुवार, मंगळवार, गुरुवार. आई कुठल्या मजल्यावर जाते ते त्याला माहीत नव्हतं. विद्यानं मान खाली घातली. महानंदा सांगायला पुढे झाली, तशी शिवलीलानं तिचा हात दाबून धरला. तिनं स्वतःही सांगितलं नाही.

चंपाबाईंनी डावा हात उचलला. शब्द ओठापर्यंत येऊन अडला, मागे गेला, परत आला. या वेळी कुणी पाण्याचा पेला उचलला नाही. गिरीराज त्यांच्या पायांशी उकिडवा बसला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

"मी," त्या म्हणाल्या, आणि थांबून परत म्हणाल्या, "मी... दाखवते. चल तू."